याकोबस आर्मिनियस : एका वलंदेज पंडिताची जीवनकथा

माकडिणीचे पिल्लू स्वतःच्या हातांनी आईच्या पोटाला घट्ट बिलगून राहते. आई उडी मारते तेव्हा त्याने आपली पकड सोडली नाही म्हणजे झाले. मांजरीचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही. मांजर त्याला मानेशी तोंडात धरते आणि हवे तेथे नेऊन ठेवते. श्रीरामानुजाचार्यांच्या मागून त्यांच्या अनुयायांत वडकलै आणि तेनकलै असे जे दोन पंथ पडले, त्यांच्या मतभेदाचे सार या दोन पिलांत आले आहे. तरून जाण्यासाठी जीवाने काही धरावे लागते, की सारे धरणे देवाकडेच असते? मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर हे न्याय आपल्या जुन्या घरांतील माणसांनी कीर्तनांतून, पुराणांतून ऐकलेले असतात. पण याच प्रश्नावरून युरोपात एक अख्खे राष्ट्र दुभंगले, सुमारे दोनशे धर्मोपदेशकांची पदे गेली आणि त्या राष्ट्राच्या सर्वांत थोर मुत्सद्द्याला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी वधस्तंभाची पायरी चढावी लागली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ज्याच्या नावाने तो वाद पुढे साडेतीनशे-चारशे वर्षे ओळखला गेला, तो याकोबस आर्मिनियस स्वतः मात्र भांडणाचा कंटाळा असलेला, प्रकृतीने नाजूक आणि नऊ मुलांचा संसार असलेला एक प्राध्यापक होता.

आर्मिनियस डच होता. शिवकालीन कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख वलंदेज म्हणून येतो, त्या लोकांपैकी. या लोकांनी १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली, तेव्हा आर्मिनियसला जाऊन अठ्ठावीस वर्षे लोटली होती. पण पूर्वेकडच्या व्यापाराशी त्याचा संबंध अगदी घरगुती होता, तो पुढे येईलच.

त्याचे खरे नाव याकोब हर्मनझून, म्हणजे हर्मनचा मुलगा याकोब. त्या काळच्या विद्वानांच्या चालीप्रमाणे त्याने पुढे नावाला लॅटिन पेहराव चढवला. १५६० च्या सुमारास औदेवाटर या लहानशा गावी त्याचा जन्म झाला. अंबाडीसारख्या तागाचे दोर वळण्यासाठी हे गाव प्रसिद्ध होते. आणि आणखी एका गोष्टीसाठी. चेटकीण म्हणून आळ आलेल्या बायकांना येथील सार्वजनिक तराजूत तोलून, वजन माणसासारखे आहे असा दाखला दिला जाई व त्या दाखल्याने त्यांचा जीव वाचे. बाप हर्मन हत्यारे घडवणारा कारागीर. मुलगा तान्हा असतानाच, किंवा कदाचित जन्मापूर्वीच, तो वारला. घरी विधवा आई आणि भावंडे. थिओडोरस एमिलियस नावाच्या एका सुशील धर्मगुरूने मुलाची हुशारी पाहून त्याला उट्रेख्ट शहरी आपल्याजवळ नेले आणि लॅटिन-ग्रीक शिकवले. हा आश्रयदाताही काही वर्षांत निवर्तला. मग औदेवाटरचाच एक गणिती रुडॉल्फ स्नेलियस याने त्याला जर्मनीत मारबुर्गच्या विद्यापीठात नेले. शाळेत ज्यांनी प्रकाशाच्या वक्रीभवनाचा स्नेलचा नियम घोकला असेल त्यांना सांगायला हरकत नाही, की तो नियम सांगणारा विलेब्रोर्ड स्नेल हा याच रुडॉल्फचा मुलगा.

ही गोष्ट १५७५ सालची. डच प्रांत तेव्हा स्पेनच्या राजाविरुद्ध लढत होते. त्या लढ्यात धर्म आणि राज्य अशी दोन सूते एकत्र पिळली गेली होती. स्पेन कॅथॉलिक, आणि बंडखोरांचा भरणा जीनिव्हाच्या कॅल्व्हिनची शिकवण मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचा. ७ ऑगस्ट १५७५ रोजी स्पॅनिश सैन्य औदेवाटरमध्ये शिरले. गावाने प्रतिकार केला होता, त्याची शिक्षा म्हणून सरसकट कत्तल झाली आणि गाव जाळले गेले. मारबुर्गला बातमी पोचली तेव्हा पंधरा वर्षांचा याकोब गावाकडे धावला. आई गेली होती, भावंडे गेली होती, नातलग गेले होते. जे पाहायचे ते पाहून तो परत फिरला आणि मारबुर्गपर्यंतची वाट त्याने पायी तुडवली.

या एका घटनेवरून त्याच्या पुढच्या सगळ्या विचारांचा उलगडा करण्याचा मोह होतो. पण तो आवरावा हे बरे. कारण ज्यांनी त्याला जन्मभर विरोध केला त्यांच्यातही असे घर जळालेले लोक होते. फ्लँडर्समधून परागंदा होऊन आलेल्या कितीतरी कुटुंबांना याच युद्धाने पोळले होते, आणि त्यांना नेमके उलट्या शिकवणीतून बळ मिळाले. आपले तारण आपल्या दुबळ्या हातांवर अवलंबून नाही, जग निर्माण होण्याआधीच देवाने आपल्याला निवडून ठेवले आहे आणि ती निवड कोणतीही फौज पुसू शकत नाही, हा विश्वास घर गमावलेल्या माणसाला केवढा आधार देत असेल! या शिकवणीला नुसती निष्ठुर म्हणून मोडीत काढणारे ही बाजू विसरतात.

त्याच वर्षी लायडन शहरात नवे विद्यापीठ निघाले होते. स्पॅनिश वेढ्याला शहराने नेटाने तोंड दिले त्याचे बक्षीस म्हणून ऑरेंजच्या विल्यमने ते दिले होते. १५७६ साली आर्मिनियस तेथील पहिल्या काही विद्यार्थ्यांत दाखल झाला. पाच-सहा वर्षांत त्याने असे नाव मिळवले की ॲमस्टरडॅमच्या व्यापारी संघाने त्याच्या परदेशी शिक्षणाचा खर्च उचलला. अट एकच, शिकून आल्यावर ॲमस्टरडॅमच्या चर्चची सेवा करायची. मग १५८२ साली तो जीनिव्हाला गेला. कॅल्व्हिन १५६४ सालीच वारला होता. त्याच्या गादीवर थिओडोर बेझा होता. येथे पहिला खटका उडाला, तो मात्र कृपेवरून नव्हे तर तर्कशास्त्रावरून. जीनिव्हात ॲरिस्टॉटलचे राज्य, आणि आर्मिनियसला फ्रेंच पंडित रामुसची नवी तर्कपद्धती आवडे. त्याने मित्रांना खाजगीत ती शिकवायला सुरुवात केली, वरिष्ठांची इतराजी झाली, आणि काही काळ त्याला बाझलला जावे लागले. तेथे लोक त्याला डॉक्टरची पदवी द्यायला तयार होते. आपण अजून लहान आहोत म्हणून त्याने ती नाकारली. पुढे जीनिव्हाला परतल्यावर बेझाशी त्याचे बरे जमले असावे, कारण १५८५ साली बेझाने ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात या विद्यार्थ्याची चांगली शिफारस केली आहे.

परत जाण्यापूर्वी त्याने एक आगळीक केली. एका मित्राबरोबर तो इटलीत उतरला, पादुआत झाबारेला या तत्त्वज्ञाची व्याख्याने ऐकली आणि रोमही पाहून आला. ज्यांच्या पैशावर शिकत होता त्यांची परवानगी काढली नव्हती. तरुण माणसाची ती हौस. पण तिने जन्मभर पिच्छा पुरवला. हा पोपच्या पायांचे चुंबन घेऊन आला, जेझुइटांशी याचे गुप्त सूत आहे, अशा कंड्या तो मरेपर्यंत उठत राहिल्या.

१५८८ साली ॲमस्टरडॅमच्या चर्चमध्ये त्याला रीतसर उपदेशकाची दीक्षा मिळाली. त्या शहरात जन्मलेला नसला तरी तो डच होता, भाषा गोड होती, आवाज फार मोठा नसला तरी स्वच्छ होता. लोकांना तो आवडू लागला. दोन वर्षांनी, १५९० साली, नगरातील एक वजनदार व्यापारी लॉरेन्स याकोबझून रेआल याची मुलगी लेस्बेत हिच्याशी त्याचा विवाह झाला. पोरक्या मुलाला एकदम ॲमस्टरडॅमच्या पहिल्या प्रतीच्या घराण्यांत सोयरीक मिळाली. याच लेस्बेतचा धाकटा भाऊ लॉरेन्स लायडनला कायदा शिकला आणि १६१६ ते १६१९ या काळात पूर्वेकडील डच मुलुखाचा गव्हर्नर-जनरल झाला.

येथे थोडे थांबून मूळ वाद समजून घेतला पाहिजे. सर्व प्रॉटेस्टंटांना एक गोष्ट मान्य होती : माणूस पतित आहे, त्याचे तारण त्याच्या पुण्याईने नव्हे, देवाच्या कृपेने होते. प्रश्न असा, की कृपा काहींनाच का लाभते? कॅल्व्हिनचे उत्तर, देवाने अनादिकालापासून काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी नेमून ठेवले आहे. त्याचे कारण त्याच्या इच्छेत आहे, आपल्यात नाही. बेझाने त्याला आणखी धार दिली. त्याच्या मते हा निवाडा देवाच्या मनात सृष्टीच्या आणि माणसाच्या पतनाच्याही आधी झाला. म्हणजे माणूस पापी झाला म्हणून टाकला गेला असे नव्हे, टाकायचा ठरला म्हणून त्याच्यासाठी पतनाची वाट आखली गेली. हे आमच्या प्रारब्धासारखेच झाले, असे पुष्कळ सुशिक्षित हिंदू सहज म्हणून जातात. ते बरोबर नाही. प्रारब्ध झाले तरी आपणच पूर्वी केलेल्या कर्माचे असते. जवळचे साम्य हवेच असेल तर माध्व घराण्यांतील वाचकांना ते सापडेल. मध्वाचार्यांनी जीवांचे मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे तीन वर्ग मानले. पण तेथेही जीवाचा मूळ स्वभावच तसा असतो; देवाने समान मातीतून एकाला उचलावे व दुसऱ्याला टाकावे असा प्रकार नाही. बेझाची शिकवण या बाबतीत अधिक कठोर म्हटली पाहिजे.

आर्मिनियसने हे मत केव्हा सोडले? पिढ्यान्‌पिढ्या एक सुंदर गोष्ट सांगितली जाते. कोर्नहर्ट नावाचा एक खोदचित्रकार होता. कोणत्याच पंथात न सामावणारा आणि कॅल्व्हिनच्या शिकवणीवर कडाडून टीका करणारा. १५८९ च्या सुमारास त्याचे खंडन करण्याचे काम आर्मिनियसवर सोपवण्यात आले, आणि खंडनासाठी वाचता वाचता त्यालाच कोर्नहर्टचे म्हणणे पटले. गोष्ट इतकी रंगतदार आहे की ती खरी असावीशी वाटते. परंतु १९७१ साली कार्ल बँग्ज या अमेरिकन चरित्रकाराने सारी कागदपत्रे पुन्हा पारखून दाखवले, की आर्मिनियसने बेझाचे टोकाचे मत आधी कधी स्वीकारले होते याचाच पुरावा नाही. एका रात्रीत मत फिरले नाही. जे खंडन लिहायचे ते त्याच्या हातून लिहून झाले नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते. माझ्या मते हे मौनच अधिक बोलके आहे.

तोंड उघडले ते व्यासपीठावर. पौलाच्या रोमकरांस पत्रावर तो ओळीने प्रवचने करीत होता. १५९१ च्या सुमारास सातवा अध्याय आला. जे करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि नको ते घडते, असा विलाप करणारा माणूस त्या अध्यायात बोलतो. हा माणूस कोण? कॅल्व्हिनपंथी म्हणत, पुनर्जन्म पावलेला, म्हणजे तारण झालेला ख्रिस्ती स्वतः. आर्मिनियस म्हणाला, नव्हे. हा अजून कृपेच्या उंबरठ्यावर घोटाळणारा, नियमशास्त्राने जागा झालेला पण कृपेने मुक्त न झालेला माणूस आहे. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. पण मग तारण न झालेल्या माणसालाही चांगल्याची ओढ असू शकते, असा अर्थ निघतो. त्याचा सहकारी पेत्रुस प्लान्सियस याने ते अचूक हेरले आणि हा पेलागियसचा जुना पाखंड आहे, माणूस स्वतःच्या बळावर तरतो असे हा शिकवतो, असा गिल्ला केला.

हा प्लान्सियसही मोठा नामी माणूस. उपदेशक म्हणून अतिशय कर्मठ, आणि नकाशे काढण्यात त्या काळी त्याचा हात धरणारे थोडे. पूर्वेकडे निघणाऱ्या डच गलबतांना त्याचे सागरी नकाशे लागत. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली ती त्याच्यासारख्यांच्या खटपटीने. समुद्रावर अज्ञात किनारे शोधणारा हा माणूस धर्माच्या नकाशात मात्र एक रेघही हलू द्यायला तयार नव्हता. प्रकरण नगराधिकाऱ्यांपर्यंत गेले. त्यांनी दोघांनाही समजावले, शांत राहायला सांगितले, आणि आर्मिनियसला पदावर राखले. दोन वर्षांनी नववा अध्याय आला. देवाने याकोबावर प्रीती व एसावाचा द्वेष केला असे ज्यात म्हटले आहे, तो. पुन्हा तोच गोंधळ.

१६०२ साली प्लेग आला. पुण्या-मुंबईच्या आणि आपल्या इंदूरच्याही घरांतून पणज्यांच्या तोंडून प्लेगाच्या हकीकती ऐकलेल्यांना ॲमस्टरडॅमचे चित्र नवे वाटणार नाही. पंधरा-वीस बिऱ्हाडे असलेल्या वाड्याला कुलूप लागते, आणि आतले कण्हणे शेजारी ऐकून न ऐकल्यासारखे करतात. आर्मिनियस त्या दिवसांत रोग्यांच्या घरी जात असे. गरीब वस्तीत एका घरातून पाण्यासाठी आक्रोश ऐकू आला. घरातले सगळे आजारी, शेजाऱ्यांची आत जायची छाती होईना. त्याने एकाला पैसे देऊन पाणी आणवले, स्वतः आत शिरला आणि एकेकाला पाणी पाजले. त्याच्या जुन्या चरित्रकारांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. वादात त्याची मते ज्यांना पटत नव्हती, त्यांनीही त्याच्या या वागण्याला कधी नावे ठेवली नाहीत.

त्याच साथीने लायडन विद्यापीठातले धर्मशास्त्राचे दोन प्राध्यापक नेले. रिकाम्या जागी आर्मिनियसचे नाव आले. तेथे आधीपासून असलेला प्राध्यापक फ्रान्सिस्कुस गोमारस याने हरकत घेतली. गोमारस मूळचा ब्रुजेसचा, तडफदार, विद्वान, आणि बेझाच्या टोकाच्या मताचा कट्टर पुरस्कर्ता. १६०३ च्या मे महिन्यात दोघांची समक्ष भेट घडवून आणली गेली. आर्मिनियसने पेलागियसचे मत स्पष्ट शब्दांत नाकारले, गोमारसचे समाधान झाले, नेमणूक कायम झाली. हे समाधान वर्षभरही टिकले नाही. १६०४ च्या फेब्रुवारीत आर्मिनियसने पूर्वनियोजनावर विद्यार्थ्यांपुढे प्रबंध मांडला. ऑक्टोबरात गोमारसने त्याच विषयावर, पाळी नसताना, उलट प्रबंध मांडला. विद्यार्थ्यांत दोन तट पडले. तट वर्गांतून चर्चांत, चर्चांतून बाजारांत गेले. असे सांगतात की नावाड्यांच्या होड्यांतूनही अनादि निवाड्यावर हमरीतुमरी होई. ज्या शहरांत अद्वैत-द्वैतावरून पंगती मोडल्या आहेत, त्यांनी यावर हसू नये.

मग आर्मिनियस नक्की म्हणत तरी काय होता? कृपेवाचून माणूस चांगल्याचा विचारसुद्धा करू शकत नाही, हे त्याला कॅल्व्हिनइतकेच मान्य होते. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण त्याचे शत्रू आणि पुढे त्याचे कित्येक भक्तही तो माणसाच्या इच्छाशक्तीचा भाट होता असे समजून चालले. त्याचे म्हणणे एवढेच, की कृपा आधी येते, माणसाला जागे करते, त्याचा हात मोकळा करते. पण तिला नकार देता येतो. आणि देवाने निवडले ते विश्वास ठेवणाऱ्यांना. कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक असते, पण ठाऊक असणे म्हणजे करवणे नव्हे. नाहीतर पापाचा कर्ताही देवच ठरतो, आणि ही एक गोष्ट तो कोणत्याही किमतीवर कबूल करायला तयार नव्हता. यासाठी त्याने दिलेला दृष्टांत फार साधा आहे. एका श्रीमंताने भिकाऱ्याला भीक घातली. भिकाऱ्याने ती घेण्यासाठी हात पुढे केला. आता हात पुढे केला म्हणून ती भीक राहिली नाही, कमाई झाली, असे कोणी म्हणेल काय? आपल्या मर्कटकिशोराचा हा जवळचा भाऊ शोभतो; मात्र फरक आहे. माकडाच्या पिलाच्या हातात बळ त्याचे स्वतःचे असते. आर्मिनियसच्या भिकाऱ्याचा हात लुळा आहे, आणि तो उचलण्याची ताकदही दात्याने आधीच देऊन ठेवलेली आहे. गोमारसचा प्रश्न त्यावरही उरतोच : सर्वांना सारखी ताकद दिली तर एकाने हात पुढे केला व दुसऱ्याने मागे घेतला, हा फरक कोठून आला? माणसाकडून आला म्हणाल तर अभिमानाला जागा उरली. देवाकडून म्हणाल तर आपण पुन्हा माझ्याच दारात आलात. हा पेच आर्मिनियसने सोडवला असे मला वाटत नाही. पण गोमारसच्या दारात गेल्यावर जो पेच पडतो, तो त्याने सोडवला असेही नाही.

आर्मिनियसचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. तो फार जपून बोले. हयातीत त्याने फारसे काही छापले नाही. इंग्लंडातील प्रसिद्ध पंडित विल्यम पर्किन्स याच्या पुस्तकाला त्याने सविस्तर उत्तर लिहिले. पण ते पुरे होत असता पर्किन्स १६०२ साली वारला, आणि मेलेल्याशी वाद कशाला म्हणून हस्तलिखित पेटीत पडून राहिले. ते छापले गेले १६१२ साली, आर्मिनियसच्याच मृत्यूनंतर. वर्गात एक आणि घरी विद्यार्थ्यांजवळ दुसरे बोलतो, असा आरोप त्याच्यावर होई. तो खरा असल्याचे कोणी दाखवले नाही, पण उघडपणे लिहिले असते तर आरोपाला आधारच राहिला नसता. त्याच्या मनात असे होते की सरकारच्या आज्ञेने राष्ट्रीय धर्मसभा भरावी, तेथे मतपत्रिकेची नव्याने तपासणी व्हावी, आणि मग बोलावे. विरोधकांना धर्मसभा हवी होती, पण सरकारी हस्तक्षेप नको होता. म्हणून वाद कृपेचा राहिला नाही; चर्चवर हुकूम कोणाचा, हाही त्यात मिसळला.

१६०८ साली दोघा प्राध्यापकांना हेग येथे उच्च न्यायमंडळापुढे बोलावले गेले. न्यायमंडळाने ऐकून घेऊन मत दिले, की मतभेद फार महत्त्वाचे नाहीत, परस्परांनी सहन करावेत. त्यावर गोमारस उसळला. आर्मिनियसची मते घेऊन ईश्वरापुढे उभे राहण्याचे धैर्य आपल्याला होणार नाही, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला आर्मिनियसने हॉलंडच्या प्रांतिक सभेपुढे आपले संपूर्ण निवेदन केले. अखेर तो स्पष्ट बोलला. बेझाची शिकवण चर्चच्या जुन्या परंपरेत नाही, ती देवाच्या न्यायीपणाला व चांगुलपणाला बाध आणते, असे त्याने एकामागून एक कारणांनिशी मांडले. ते निवेदन हा त्याच्या सगळ्या लेखनाचा कळस होय.

पण कुडी खचली होती. क्षयाने छाती पोखरली होती, एका डोळ्याची दृष्टी गेली होती. जखऱ्या संदेष्ट्याच्या ग्रंथात वाईट मेंढपाळाच्या हाताला व डोळ्याला शाप आहे; विरोधकांनी तो उघडपणे त्याला लावून दाखवला. त्याच्या लॅटिन नावाची अक्षरे उलटसुलट करून, पोकळ जगाचा मित्र असा अर्थ निघेल अशी जुळणीही कोणी केली. विद्वानांची कुचेष्टा ही अशी असते. १६०९ च्या ऑगस्टात हेगला पुन्हा समोरासमोर चर्चा बोलावली, ती त्याच्या प्रकृतीमुळे अर्ध्यातच सोडावी लागली. १९ ऑक्टोबर १६०९ रोजी लायडनला त्याचा अंत झाला. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. मागे लेस्बेत आणि नऊ मुले. लायडनच्या पीटर्सकेर्क या चर्चमध्ये त्याला पुरले, आणि लहानपणापासूनचा मित्र पेत्रुस बर्टियस याने अंत्यभाषण केले. आर्मिनियसच्या लहानपणाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या भाषणातूनच आले.

खरे वादळ त्याच्या मागून आले. १६१० साली त्याच्या बाजूच्या चाळीसच्या वर उपदेशकांनी पाच कलमांची एक विनंती सरकारला सादर केली. त्यावरून त्यांना रेमॉन्स्ट्रंट हे नाव पडले. हॉलंडचा कारभारी योहान फान ओल्डनबार्नेफेल्ट याने त्यांची पाठराखण केली. सेनापती मॉरिस विरोधकांच्या बाजूस गेला. मॉरिसला पूर्वनियोजन हिरवे असते की निळे हेही माहीत नव्हते, अशी आख्यायिका आहे. पण स्पेनशी १६०९ साली झालेला तह त्याला रुचला नव्हता आणि तो तह ओल्डनबार्नेफेल्टने केला होता, एवढे त्याला पक्के माहीत होते. १६१८ च्या ऑगस्टात कारभाऱ्याला अटक झाली. नोव्हेंबरात डॉर्ट शहरी मोठी धर्मसभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड, जर्मनीतील संस्थाने यांचे प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रजाजनांना येऊ दिले नाही, म्हणून त्यांची आसने मोकळी ठेवली गेली. आर्मिनियसचा शिष्य एपिस्कोपियस व त्याचे सोबती यांना सभासद म्हणून नव्हे, आरोपी म्हणून उभे केले, आणि जानेवारीत अध्यक्षाने त्यांना सभेबाहेर घालवले. पाचही कलमे नाकारली गेली. गंमत अशी, की सभेने जी मते ठरवली त्यांत गोमारसचे टोकाचे मतही तसेच्या तसे आले नाही.

परदेशी प्रतिनिधी ९ मे १६१९ रोजी निरोप घेऊन निघाले. १३ मे रोजी हेगला वृद्ध ओल्डनबार्नेफेल्टचे मस्तक उडवले गेले. कायदेपंडित ग्रोशियसला जन्मठेप झाली; दोन वर्षांनी पुस्तकांच्या पेटीत लपवून त्याच्या बायकोने त्याला किल्ल्याबाहेर काढले. सुमारे दोनशे उपदेशकांची पदे काढून घेतली. ज्यांनी गप्प राहण्याचे लिहून दिले नाही, त्यांना गाड्यांत घालून सरहद्दीपार सोडले. १६२५ साली मॉरिस वारल्यावर हळूहळू हात सैल झाला, १६३० साली ॲमस्टरडॅमला रेमॉन्स्ट्रंटांचे स्वतःचे चर्च उभे राहिले, आणि १६२९ साली खुद्द लायडनमध्ये आर्मिनियसचे समग्र ग्रंथ छापून निघाले.

त्याचे नाव जगभर गेले ते मात्र डचांमुळे नव्हे, इंग्लंडच्या जॉन वेस्लीमुळे. कृपा सर्वांसाठी मोकळी आहे, असे वेस्लीने १७३९ साली एका प्रवचनात ठणकावून सांगितले. त्यावरून जॉर्ज व्हाइटफील्ड या त्याच्या जिवलग सहकाऱ्याशी त्याची फारकत झाली. व्हाइटफील्ड कॅल्व्हिनच्या मताचा. तरी मैत्री पुरती तुटली नाही. १७७० साली व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे वेस्लीने स्मरणार्थ प्रवचन केले. पण १७७८ साली वेस्लीने मासिक काढले, त्याला नाव आर्मिनियसचेच दिले.

वेस्लीच्या मेथॉडिस्टांचे मिशन बडोद्याकडील आमच्या आप्तांना परिचित आहे. इंदूरकरांच्या परिचयाचे मात्र दुसऱ्या बाजूचे लोक. १८८७ साली येथे ख्रिश्चन कॉलेज सुरू करणारे मिशन कॅनडातील प्रेसबिटेरियनांचे होते, आणि प्रेसबिटेरियन म्हणजे कॅल्व्हिनच्या आणि डॉर्टच्या परंपरेतले. आपल्यापैकी किती घरांतील आजोबा-पणजोबा त्या कॉलेजात मिल आणि शेक्सपिअर शिकले असतील! त्यांना शिकवणाऱ्यांच्या मतपत्रिकेत गोमारस आणि आर्मिनियस यांच्या भांडणाचा निकाल लिहिलेला होता, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. १९२५ साली कॅनडात मेथॉडिस्ट आणि बहुसंख्य प्रेसबिटेरियन यांनी एकत्र येऊन एकच चर्च स्थापन केले, आणि मध्य हिंदुस्थानातील हे मिशन त्या संयुक्त चर्चकडे गेले.